शेवटी सांगितलेली तक्रार
अंगावरून जाणे, खाज, लघवी गळणे : लपवू नका, तपासून घ्या



वर्षावासात आपल्या वस्तीवस्तीच्या विहारांत ग्रंथवाचन चालतं. वाचन झालं की मी बी.पी.चं मशीन घेऊन बसते. बाया रांगेत येतात. कोणी म्हणते डोकं दुखतं, कोणी म्हणते कंबर धरली, कोणी म्हणते हातापायाला मुंग्या येतात. बी.पी. बघून होतं, गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगून होतं. मग एखादी बाई चप्पल घालते, दारापर्यंत जाते आणि परत फिरते. आजूबाजूला कोणी नाही ना ते बघते आणि हळूच विचारते, "सिस्टर, अजून एक विचारायचं होतं."

खरी तक्रार ती असते. कंबरदुखी नुसती पुढे केलेली असते. अंगावरून पांढरं जातंय, वास येतोय, खाजेनं रात्री झोप नाही, खोकलं की लघवी होते, अंग बाहेर येतंय, पाळी बंद होऊन वर्षं झाली तरी डाग दिसतोय. ही तक्रार सहा महिने, दोन वर्षं, कधी दहा वर्षं अंगावर काढलेली असते. नवऱ्याला सांगितलेली नसते आणि सख्ख्या बहिणीलाही नसते.

आजचा लेख त्या दारातून परत फिरणाऱ्या बाईसाठी आहे. आणि जी परत फिरत नाही, तशीच निघून जाते, तिच्यासाठी जास्त आहे.

हे एकटीचं दुखणं नाही

आपल्याला वाटतं, हे घाणेरडं दुखणं मलाच झालं. तसं नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यांपैकी ५५ टक्के बायांनी काही ना काही तक्रार सांगितली. तपासल्यावर मात्र १०० पैकी ९२ जणींना स्त्रीरोग निघाला. सरासरी काढली तर एकेका बाईला तीनपेक्षा जास्त आजार होते. आणि आधी कधी तपासणी व उपचार झालेल्या बाया किती? १०० पैकी फक्त ८.

तोपर्यंत खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन, एवढंच धरलं जात होतं. मूल पोटात असेल तेव्हाच बाईकडे बघायचं, एरवी तिला शरीर नाहीच. या अभ्यासाने ते चूक ठरवलं.

आपल्या चळवळीला हा विषय नवा नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने संततिनियमनाचा ठराव आला होता. भाषण बाबासाहेबांनी तयार केलं होतं आणि तो ठराव मांडणारे पी. जे. रोहम आपल्याच नगर जिल्ह्यातून निवडून गेलेले होते. ठराव नामंजूर झाला. पण वारंवार बाळंतपणाने बाईच्या शरीराची काय दशा होते, हे भर सभागृहात बोललं गेलं. तेव्हा ते तिथे बोलू शकले, तर आज आपण दवाखान्यात का बोलू नये?

माझ्या घरातली गोष्ट

मी हे शहाणपण सांगते आहे, पण माझ्याच घरात मी उशिरा जागी झाले. माझी थोरली चुलती. तिची पाळी जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. तिला परत डाग दिसायला लागले. तिला वाटलं, उष्णता झाली, पाळी परत आली. रात्री सगळे झोपल्यावर ती कपडे धुवायची. मी तेव्हा बाळंतपणाच्या वॉर्डात नोकरीला होते. सुट्टीला गेले की ती मला जेवायला वाढायची, मी तिला बी.पी.च्या गोळ्या विचारायची. हे मात्र मी कधी विचारलं नाही आणि तिने कधी सांगितलं नाही. कळलं तेव्हा गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर बराच पसरला होता. त्यानंतर ती सव्वा वर्ष जगली.

नर्स असून मी विचारलं नाही, ही माझी चूक. ती तुमच्या घरात होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आधी, साधं काय ते ओळखा

प्रत्येक पांढरं जाणं हा आजार नव्हे. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं, तार सुटणारं, वास नसलेलं पाणी जातं. गरोदरपणात ते वाढतं. हे शरीराचं रोजचं काम आहे. "पांढरं जातं म्हणजे हाडं झिजून वाहतात" असं आपल्याकडे म्हणतात. ते खोटं आहे. हाडाचा आणि त्या पाण्याचा काही संबंध नाही.

आजार कधी समजायचा, ते असं :

खाज, आग आणि दह्याच्या चोथ्यासारखं घट्ट पांढरं : ही बहुतेक वेळा बुरशीची लागण असते. जागेत ठेवायच्या गोळ्यांनी ती बरी होते. पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासा. मधुमेह असल्याचं आधी अशा खाजेवरूनच कळलेल्या बाया मी पाहिल्या आहेत.

पातळ, राखाडी, सडक्या मासळीसारखा वास : आतले चांगले जंतू कमी होऊन दुसरे वाढले की असं होतं. यात बाई घाणेरडी आहे असं काही नाही. उलट साबणाने, डेटॉलने, तुरटीच्या पाण्याने आतून धुणाऱ्या बायांना हे जास्त होतं. बाहेरून साधं पाणी पुरे. आतली सफाई शरीर स्वतः करतं.

हिरवट-पिवळं, फेसाळ, जळजळ : ही लागण संबंधातून पसरते. इथे बाईने एकटीने औषध घेऊन उपयोग नाही. नवऱ्यालाही औषध घ्यावंच लागतं, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच.

ओटीपोटात दुखणं, ताप आणि घाण जाणं : लागण वर पिशवीपर्यंत, नळ्यांपर्यंत गेलेली असू शकते. लांबणीवर टाकलं तर पुढे मूल राहण्यात अडचण येते.

खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना लघवी होणं : ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडल्याने होतं. याला व्यायाम आहे. लघवी अडवताना जसं आवळतो तसं आवळा, पाच आकडे मोजा, सोडा, पुन्हा पाच मोजा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, तीन महिने. भाकरी थापताना, एस.टी.त बसल्या बसल्या करता येतो, कोणाला कळतही नाही. बाळंतपणानंतर लघवी सारखीच, रात्रंदिवस गळत असेल तर तो वेगळा प्रकार आहे. आत छिद्र पडलेलं असतं आणि ते ऑपरेशनने बुजवता येतं. "आता असंच राहायचं" असं कोणी म्हटलं तरी ऐकू नका.

अंग बाहेर येणं : पाठोपाठची बाळंतपणं, बाळंतपणानंतर आठ-पंधरा दिवसांतच जड काम, जुनाट खोकला, कुंथायला लावणारी बद्धकोष्ठता ही त्याची कारणं. सुरुवातीला वरचाच व्यायाम उपयोगी पडतो. आत बसवायची रिंग मिळते. जास्त असेल तर ऑपरेशन आहे.

यांत थांबायचं नाही

खालीलपैकी काही असेल तर पुढच्या बाजाराची, पगाराची, लग्नाची वाट बघू नका :

१. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं.
२. संबंधानंतर रक्त गेलं, किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये पुन्हा पुन्हा जातंय.
३. घाण वासाचं, रक्तमिश्रित पाणी जातंय.
४. पाळीत तासातासाला कपडा किंवा पॅड भिजतंय, गाठी पडताहेत, चक्कर येतेय.
५. पाळी चुकली आहे आणि पोटात एका बाजूला जोरात कळ येऊन डोळ्यांपुढे अंधारी येते. गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. इथे तास मोजायचे असतात. १०८ ला फोन करा.

पहिल्या तिन्हींचा अर्थ कॅन्सरच, असं नाही. पण तो नाही ना, हे तपासल्याशिवाय कळत नाही. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. एच.पी.व्ही. नावाच्या विषाणूची लागण वर्षानुवर्षं टिकून राहिली, तर पेशी हळूहळू बिघडतात. त्याला बरेचदा दहा-पंधरा वर्षं लागतात. कॅन्सर व्हायच्या आधीच तो बिघाड सापडला, तर काही मिनिटांच्या उपचारात ती जागा बरी करता येते.

आपल्या जामखेडच्या पलीकडे उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे आताचा धाराशिव. तिथे ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन टाटा हॉस्पिटल आणि बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी मोठा अभ्यास केला. २००९ साली तो प्रसिद्ध झाला. ज्या गटात एच.पी.व्ही.ची तपासणी एकदाच केली, त्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्म्यावर आले. त्या बाया आपल्यासारख्याच, शेतात राबणाऱ्या. आयुष्यात एकदा तपासणी झाली आणि इतका फरक पडला.

तोंडाने कसं सांगायचं?

शब्दच फुटत नाही, ही मोठी अडचण. म्हणून मी बायांना सांगते, घरून तीन वाक्यं ठरवून जा :

"मला इथे त्रास आहे." (काय होतंय ते : खाज, वास, रक्त, गळणं.)
"इतक्या दिवसांपासून आहे."
"शेवटची पाळी अमुक तारखेला आली" किंवा "पाळी जाऊन इतकी वर्षं झाली."

बोलता येत नसेल तर लेकीकडून, सुनेकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि केसपेपरसोबत ठेवा. ही तक्रार दारात जाताना नाही, बसल्या बसल्या पहिली सांगा. शब्द कोणता वापरायचा याची काळजी करू नका. "अंगावरून जातंय", "जागेवर आग होते", "पिशवी खाली आली", सिस्टरला सगळं कळतं. आम्ही रोज तेच ऐकतो.

बरोबर कोणाला तरी न्या. आशाताई असेल तर उत्तम. शेजारीण चालेल. दोघीतिघींनी मिळून एकाच दिवशी गेलं तर आणखी बरं.

तपासणीत काय होतं?

भीती याचीच असते, म्हणून स्पष्ट सांगते. आधी लघवी करून यायची. टेबलावर पाठीवर झोपून गुडघे दुमडायचे, वरून चादर घ्यायची. स्पेक्युलम नावाचं साधन हळूच आत सरकवून गर्भाशयाचं तोंड बघतात. अंग सैल सोडलं, तोंडाने श्वास घेतला तर दुखत नाही, थोडं अवघडल्यासारखं वाटतं. गरज असेल तर कापसाच्या काडीवर पाणी घेऊन तपासायला पाठवतात. व्ही.आय.ए. तपासणीत व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून मिनिटभर थांबतात. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. सगळं मिळून पाच-दहा मिनिटं.

पाळी चालू असताना नेहमीची तपासणी टाळा, पण रक्त थांबतच नसेल तर तशाच जा. आदल्या दिवशी आतून धुऊ नका, नाहीतर जे बघायचं तेच निघून जातं. कुमारिका मुलीला स्पेक्युलम लावत नाहीत. तिच्यासाठी पोटावरून सोनोग्राफी आहे. म्हणून "मुलीची अब्रू जाईल" या भीतीने तिला घरात ठेवू नका.

तुमचे हक्कही ऐकून ठेवा. तपासणारे पुरुष डॉक्टर असतील तर जवळ स्त्री असलीच पाहिजे. पडदा, दार बंद असलं पाहिजे. काय करणार ते आधी सांगितलं पाहिजे. तुम्ही "थांबा" म्हटलं की थांबलं पाहिजे.

आता एक कडू गोष्ट. एका दवाखान्यात मी वस्तीतल्या एका ताईंना घेऊन गेले होते. पत्ता ऐकल्यावर तिथल्या बाई म्हणाल्या, "तुम्ही लोक स्वच्छता ठेवत नाही, मग हे होणारच." ताई केसपेपर तिथेच टाकून उठल्या. मी त्यांना परत बसवलं आणि त्या बाईंना विचारलं, "बंगल्यातल्या बायांना बुरशी होत नाही का?" त्या गप्प झाल्या, तपासणी झाली. पण मीही नोकरीत असताना गर्दीच्या दिवशी बायांवर खेकसले आहे, हे कबूल करते. असा अपमान झाला तर राग जरूर येऊ द्या. वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. पण तपासणी सोडून येऊ नका. अपमान त्यांनी करायचा आणि आजार आपण वाढवायचा, हा कुठला न्याय?

जायचं कुठे, खर्च किती?

जवळचं उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र ही पहिली पायरी. तिथून ग्रामीण रुग्णालय, पुढे नगरचं सिव्हिल. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी, औषध मोफत आहे. संबंधातून होणाऱ्या आजारांसाठी सरकारी रुग्णालयात 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तिथे नवराबायको दोघांना औषध मिळतं आणि नाव गुप्त ठेवतात. तीस वर्षांपुढच्या प्रत्येक बाईची गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी, असा सरकारचाच कार्यक्रम आहे. त्रास नसला तरी "माझी व्ही.आय.ए. कधी करणार?" असं आशाताईंना विचारा. मोठं ऑपरेशन लागलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. माहितीसाठी १०४ नंबर आहे.

मेडिकलमधून "पांढरं जायची गोळी द्या" म्हणून दोन गोळ्या आणू नका. आजार दबतो, जात नाही आणि पुढे औषध लागू पडत नाही.

पिशवी काढायची घाई नको

हे पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या बहिणींनी नीट वाचावं. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचं २०१९ साली उघड झालं. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहांत एक. त्यांत तिशी-पस्तिशीच्या बायाही होत्या.

असं का झालं? कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकीने खाडा केला की मुकादम पैसे कापतो. थळात पाणी नाही, संडास नाही, पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही. अंगावर पांढरं जायला लागलं, पोट दुखायला लागलं की डॉक्टर म्हणणार, "पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल, काढून टाका." बाईलाही वाटतं, पाळीची कटकट गेली. आणि ऑपरेशनची उचल फेडायला पुन्हा पुढचा हंगाम.

बहिणींनो, पांढरं जाणं हे पिशवी काढायचं कारण नाही. ते पाणी बरेचदा मायांगातून आणि पिशवीच्या तोंडातून येतं. पिशवी काढल्यावरही त्रास तसाच राहिलेल्या बाया मला भेटतात. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं तर तिशीतच पाळी गेलेल्या बाईसारखी हाडं ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात, कोयता उचलवत नाही.

काही वेळा पिशवी काढावीच लागते : कॅन्सर, मोठ्या गाठी, कशानेच न थांबणारा रक्तस्राव. पण त्याआधी चार प्रश्न विचारा. नेमका आजार कोणता, तो कागदावर लिहून द्या. औषधाने बरं होणार नाही का? गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी केली का? अंडाशय ठेवणार की काढणार? मग तो कागद घेऊन सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. "आजच्या आज काढा" अशी घाई क्वचितच असते.

घरातल्यांना दोन शब्द

बंधूंनो, हे पान बायकांचं म्हणून उलटू नका. बायको संबंधाला नको म्हणते, चिडचिड करते, तेव्हा तिला दुखत असेल हे आधी धरा. औषध दोघांना दिलं तर तुम्हीही घ्या. तिच्यावर संशय घेणं हा इलाज नव्हे. मोलमजुरीचा एक दिवस बुडवून तिच्याबरोबर केंद्रावर बसा.

सासूबाई, सुनेला विचारा. सुनांनो, सासूला विचारा, कारण पाळी गेलेल्या बाईला कोणीच विचारत नाही. आणि पाळीतल्या मुलीला विहाराच्या पायरीवर थांबवू नका. विटाळ आपण धर्मांतराबरोबर सोडला, आता तो शरीरावरूनही उतरवा.

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला १९७० च्या दशकात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या, फारशा न शिकलेल्या, अनेक दलित घरांतल्या बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. अक्षरओळख नसलेल्या बाया गावाचं आरोग्य सांभाळू लागल्या. म्हणजे हे ज्ञान आपल्या आवाक्याबाहेरचं नाही.

पुढच्या पौर्णिमेला विहारात याल तेव्हा एक करा. वंदना झाल्यावर तुमच्या ओळखीच्या एका बाईला बाजूला घेऊन विचारा, "तुला खालचा काही त्रास आहे का गं?" ती आधी नाही म्हणेल. चप्पल घालेपर्यंत थांबा. दारातून परत फिरली, तर तिच्याबरोबर सोमवारी केंद्रावर जा.

जय भीम. नमो बुद्धाय.